बातम्यांमागचे ग्रह वाचायचेत? मग आधी झारीतला शुक्राचार्य समजून घ्या

सिंहस्थ तोंडावर आलंय त्यामुळे सध्या नाशकात चहाच्या टपरीवर पण गुरु, सिंह रास, वक्री, मार्गी असले शब्द ऐकू येतात. रस्ता खोदून ठेवलाय म्हणून करवादणारा माणूस पुढच्याच वाक्यात "गुरु सिंहेत आला की जगात उलथापालथ होते म्हणे" असं म्हणतो आणि मग माझ्याकडे बघतो, कारण मला याचा नाद आहे हे आमच्या पंचवटीत गल्लीभर माहीत आहे. गेल्या महिन्यात चार-पाच जणांनी विचारलं की हे शिकायला सुरुवात कुठून करायची, प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक क्लिअर करतो. हे तुमच्या लग्नाचं, नोकरीचं, परदेश योगाचं ज्योतिष नाही. याला मेदिनीय ज्योतिष म्हणतात, मेदिनी म्हणजे पृथ्वी. देश, राजा, पाऊस, पीक, बाजारभाव, युद्ध, रोगाची साथ हे याचे विषय. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली तिच्यात हेच सगळं आहे, कुठला ग्रह कसा चालला तर काय, ग्रहण कुठल्या महिन्यात पडलं तर काय, धूमकेतू दिसला तर काय, धान्य कधी महाग होणार. व्यक्तीच्या पत्रिकेसाठी त्याने वेगळा ग्रंथ लिहिला.

आणि दुसरं, हे विज्ञान आहे असं मी म्हणत नाही, तुम्ही पण म्हणू नका. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, हुशार मूल कुठलं आणि मतिमंद कुठलं एवढंच ओळखायचं होतं, सरासरी ४६ टक्के बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. मी ही प्रतीकांची भाषा म्हणून वाचतो, आजी पुराण ऐकून आल्यावर शेजारच्या भांडणाला त्यातलं पात्र चिकटवायची तसं. तेवढं जमलं तरी बातम्या वाचायची मजा वाढते.

पहिली पायरी: गोष्टी पाठ करा, तक्ते नंतर

नवीन माणूस काय करतो, गुगल करून कारकत्वाचा तक्ता काढतो. शनी म्हणजे लोखंड, तेल, मजूर, म्हातारी माणसं. मंगळ म्हणजे रक्त, सैन्य, जमीन. अशी शंभर नावं पाठ करतो आणि मग कुठलीही बातमी आली की त्यातला एखादा शब्द सापडतोच, की झालं, "बघा शनीने केलं". त्यापेक्षा ग्रहाची गोष्ट घ्या आणि त्यातून नाम नाही तर क्रियापद काढा. तो ग्रह गोष्टीत *करतो काय*?

आपल्या नाशिकची गोष्टच घ्या ना. समुद्रमंथन झालं, अमृताचा कुंभ निघाला, ओढाओढीत चार ठिकाणी थेंब सांडले, त्यातलं एक आपलं. रवी, चंद्र आणि गुरुने तो कुंभ सांभाळला म्हणून कुंभमेळ्याचं गणित या तिघांवर चालतं. आणि त्याच गोष्टीत पुढे मोहिनी अमृत वाढत होती तेव्हा एक असुर देवाचा वेष घेऊन पंगतीत येऊन बसला, रवी-चंद्राने चुगली केली, चक्राने मुंडकं उडालं, पण घोट गळ्याखाली गेलेला, म्हणून मुंडकं राहू झालं आणि धड केतू. आता राहूचं क्रियापद काय? वेष बदलून पंगतीत बसणं. बातमी वाचताना "राहू म्हणजे परदेशी, धूर, विष" यापेक्षा "इथे कोण दुसऱ्याच्या कपड्यात जेवायला बसलंय" असं विचारून बघा, खोट्या कंपन्या, बनावट व्हिडिओ, नाव एकाचं आणि माणूस भलताच, सगळं आपोआप जागेवर बसतं. आणि ज्यांनी त्याला पकडून दिलं त्यांनाच तो गिळतो, ते ग्रहण. रवी म्हणजे राजा, चंद्र म्हणजे जनता, म्हणून ग्रहण हा राजावरचा किंवा जनतेवरचा जुना हिशोब.

शनीची गोष्ट दशरथाची. शनी रोहिणी नक्षत्राचा शकट, म्हणजे गाडा, फोडून जाणार, म्हणजे बारा वर्षांचा दुष्काळ, असं ऐकल्यावर दशरथ रथ घेऊन थेट नक्षत्रांपर्यंत गेला आणि शेवटी लढाई न करता स्तुती करून शनीला थांबवलं. ही सगळी गोष्टच मेदिनीय आहे बघा, एका माणसाच्या साडेसातीचा प्रश्नच नाही, अख्ख्या राज्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. रोहिणी म्हणजे गाडा, धान्य. शनीचं क्रियापद उशीर करणं, अडवणं, हिशोब मागणं. शनैश्चर म्हणजेच हळू चालणारा.

मंगळ भूमीचा मुलगा. शंकराच्या घामाचा थेंब जमिनीवर पडला त्यातून झाला. म्हणून आपला मंगळ जमिनीसाठी भांडतो, बांधावरून भांडतो म्हणा. बुध म्हणजे चंद्राने बृहस्पतीची बायको तारा पळवली, देवासुर युद्ध पेटलं, आणि त्यातून जे पोर झालं ते. दोन घरचा, म्हणून व्यापार, निरोप, दलाली. आणि गुरु राजा नाही हे लक्षात ठेवा, तो सल्लागार आहे. इंद्राने एकदा भर दरबारात त्याचा मान ठेवला नाही, तो गुपचूप उठून निघून गेला, आणि मग देव हरायला लागले. गुरु वक्री असेल, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसत असेल, तेव्हा मी हीच गोष्ट आठवतो, की कुठल्या दरबारातून शहाणा माणूस उठून चाललाय.

इथे एक सावध करतो कारण ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. इंटरनेटवर पाश्चात्य लेख खूप मिळतात आणि छान लिहिलेले असतात, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा शुक्र म्हणजे व्हीनस, प्रेमाची देवी. आपला शुक्र हा असुरांचा गुरु, पुरुष, राजकारणी, मृतसंजीवनी जाणणारा, मेलेलं सैन्य परत उभं करणारा. वामनाने बळीकडे तीन पावलं जमीन मागितली तेव्हा दानाचं पाणी सुटू नये म्हणून हा झारीच्या तोटीत जाऊन बसला आणि दर्भाची काडी डोळ्यात गेली, एक डोळा फुटला. झारीतला शुक्राचार्य आपण रोज म्हणतो, पण पत्रिका मांडताना तोच शुक्र "फॅशन आणि सिनेमा" कसा होतो कळत नाही. दोन्ही परंपरा वाचा, पण एका वाक्यात दोन्हीकडची गोष्ट मिसळू नका, भेळ होते.

दुसरी पायरी: सायन की निरयन, ते ठरवा आणि बदलू नका

हे रटाळ आहे पण टाळता येत नाही. पाश्चात्य लोक राशी वसंतसंपातापासून (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो तो बिंदू) मोजतात, ते सायन. आपलं पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, ते निरयन. दोन्हीत सध्या साधारण २४ अंशांचा फरक आहे. उदाहरण घरचंच आहे, सायन मोजणीने गुरु ३० जून २०२६ ला सिंहेत जातो आणि निरयनने ३१ ऑक्टोबर २०२६ ला. रामकुंडावर ध्वज ३१ ऑक्टोबरला लागायचा आहे, म्हणजे आपला अख्खा मेळा निरयनावर चालतो. नंतर गुरु वक्री होऊन कर्केत मागे जातो, परत येतो, कन्येला शिवून पुन्हा मागे येतो, म्हणून यावेळचं सिंहस्थ २४ जुलै २०२८ पर्यंत लांबलंय. वक्री म्हणजे काय हे कुणाला समजावायचं असेल तर याच्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

साहित्य काय लागतं? एक दाते पंचांग, मोबाईलवर स्टेलेरियम, आणि पत्रिका मांडायला जगन्नाथ होरा, ते फुकट आहे. सेटिंगमध्ये अयनांश (वर सांगितलेला २४ अंशांचा फरक) लाहिरी, म्हणजे चित्रापक्ष, ठेवा. बस. पाच हजारांचा कोर्स वगैरे लागत नाही.

तिसरी पायरी: सावकाश ग्रह आधी

चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस, रवी महिना, मंगळ साधारण दीड महिना, गुरु वर्ष, राहू दीड वर्ष, शनी अडीच वर्षं. जगाच्या घडामोडींसाठी खालचे तीन महत्त्वाचे. माझ्या डोक्यात हे असं बसलंय, की शनी-गुरु-राहू चुलीत सरपण रचतात आणि मंगळ किंवा ग्रहण काडी ओढतं. नुसती काडी बघून आग सांगायला जाल तर दर दीड महिन्याला तोंडावर पडाल.

नवीन माणसाने युतीपासून, म्हणजे दोन ग्रह आकाशात एकत्र येतात त्यापासून, सुरू करावं, कारण युती सायन-निरयन दोन्हीत एकाच दिवशी होते, राशीचं भांडणच नाही. गुरु-शनी साधारण वीस वर्षांनी भेटतात. २१ डिसेंबर २०२० ला भेटले तेव्हा इतके जवळ होते की गंगापूर धरणाच्या बाजूला आम्ही मोकळ्यावर उभे राहिलो तर दोन्ही मिळून एकच ठिपका वाटत होता, अंशाच्या दहाव्या भागाइतकं अंतर. सल्लागार आणि हिशोबनीस एका खोलीत बसलेत, बाहेर कोरोना, यापेक्षा सोपं चित्र कुठलं.

दुसरी शिकण्यासारखी युती शनी-नेपच्यूनची, साधारण ३६ वर्षांनी. पुराणात नेपच्यून नाही, तो १८४६ मध्ये दुर्बिणीतून सापडला, पण नाव समुद्रदेवाचं आहे म्हणून मी वरुण समजून वाचतो. शनी बांध घालतो, समुद्र बांध खातो. आता सालं बघा: १९१७, रशियन क्रांती. १९५३, स्टालिन गेला. १९८९, बर्लिनची भिंत पडली. फ्रान्सचे ज्योतिषी आंद्रे बार्बो यांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की १९८९ साल कम्युनिस्ट जगासाठी मोठं असेल. *आधी* लिहून ठेवलं होतं, हा शब्द अधोरेखित करा, पुढे लागणार आहे. ताजी युती २० फेब्रुवारी २०२६ ची. ती कुठला बांध खाते ते मी अजून बघतोय.

चौथी पायरी: ग्रह सगळ्या जगाला सारखा, मग आपल्यालाच का?

याला जुनं उत्तर कूर्मविभाग, पूर्वेकडे तोंड केलेलं कासव आणि त्याच्या अंगावर नऊ भागात वाटलेली नक्षत्रं आणि देश. नवीन उत्तर देशाची पत्रिका. भारताची १५ ऑगस्ट १९४७, रात्री बारा, दिल्ली. वृषभ लग्न (लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, पत्रिकेचं पहिलं स्थान), लग्नात राहू, आणि कर्केत एकदम पाच ग्रह: रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी. कर्क तिथे तृतीय स्थान येतं, म्हणजे शेजारी आणि दळणवळण. आपल्या बातम्यांमध्ये शेजारी किती असतात ते तुम्हीच मोजा. बाकी दशमावरून सरकार, चतुर्थावरून शेती आणि जमीन, सप्तमावरून युद्ध आणि तह, एवढं सुरुवातीला पुरे. याशिवाय पाडव्याला पंचांगात वर्षाचा राजा आणि मंत्री वाचतात ना, तेही हेच शास्त्र आहे. पाडव्याचा वार तो राजा, मेष संक्रांतीचा वार तो मंत्री. यंदा, २०२६ मध्ये, पाडवा १९ मार्चला गुरुवारी, म्हणून राजा गुरु, आणि मंत्री मंगळ. संवत्सराचं नाव पराभव आहे, ते ऐकून आमच्या इथे दोघांनी दुकानाचं उद्घाटन पुढे ढकललं. अरे बाबांनो, साठ नावं ठरलेल्या क्रमाने येतात, पुढच्या वर्षी प्लवंग आहे म्हणजे काय सगळे माकडं होणार का.

आता वराहमिहिराची ती गंमत सांगतो ज्यामुळे मी यात खोल गेलो. बृहत्संहितेत कुठल्या ग्रहाचा कुठल्या देशावर अंमल असा एक अध्याय आहे, ग्रहभक्ती. त्यात मंगळाच्या यादीत गोदावरी आहे, आणि नासिक्य आहे. आपलं गाव, दीड हजार वर्षांपूर्वीच्या यादीत, नावासकट. त्याच यादीत शेतकरी, अग्नीवर पोट असणारे आणि शस्त्रवाले. देवळालीला तोफखाना, ओझरला लढाऊ विमानं, निफाडला कांदा-द्राक्षं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नाही.

आणि मग मला २७ ऑगस्ट २००३ आठवला. सिंहस्थातल्या स्नानाच्या दिवशी काळाराम मंदिराकडच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो, घरचे परत येईपर्यंत आई दारातच उभी होती. खूप वर्षांनी कळलं की मंगळ पृथ्वीच्या सर्वात जवळ आला तोही त्याच तारखेला, २७ ऑगस्ट २००३, इतका जवळ की जवळपास ६०,००० वर्षांत आला नव्हता. मंगळाचं गाव, मंगळ दाराशी, आणि तोच दिवस. अंगावर काटा येतो की नाही?

येतोच. आणि बरोबर तिथेच थांबायचं असतं, कारण मंगळ त्या दिवशी सगळ्या पृथ्वीच्या जवळ होता, मंगळाच्या यादीतल्या बाकीच्या डझनभर देशांत त्या दिवशी काय झालं ते मी बघितलंच नव्हतं. सहा महिने आधी "नाशिक, मंगळ, २७ ऑगस्ट" असं कुणी लिहून ठेवल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही. माणसं गल्ली अरुंद होती आणि गर्दी मावली नाही म्हणून गेली. प्रतीक सुंदर बसतं म्हणून ते कारण होत नाही. हे ज्याला पटत नाही त्याने हा छंद घेऊ नये, मनापासून सांगतो, त्याच्या हातून लोक घाबरतील.

घाबरण्याचं मोठं उदाहरण फेब्रुवारी १९६२. मकर राशीत आठ ग्रह जमले, अष्टग्रही, त्यात सूर्यग्रहण पण. आजी सांगायची की लोकांनी गोदाकाठी जप लावले होते, काही जण गाव सोडून गेले, आजोबांनी मात्र त्या दिवशी घराला चुना लावायला काढला. जग बुडालं नाही. मग ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला आणि तेच ज्योतिषी म्हणायला लागले, बघा आम्ही म्हणालो होतो. आठ महिन्यांची मुदत मिळाली तर मी पण काहीही खरं करून दाखवतो.

पाचवी पायरी: वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख, ग्रहस्थिती, कुठली गोष्ट आठवली, आणि त्यावरून काय होईल असं वाटतं ते, मुदतीसकट. पेनाने. उजवं पान रिकामं. मुदत संपली की उजवीकडे खरं काय झालं ते लिहायचं आणि डावीकडच्या पानाला हात लावायचा नाही. "काहीतरी घडामोड संभवते" असलं वाक्य लिहिलं तर पान फाडून टाका, घडामोड रोजच संभवते.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. जुलै २०२३. शुक्र वक्री होणार होता, २२-२३ जुलै ते ४ सप्टेंबर. निफाडजवळ मामांची कांद्याची चाळ, उन्हाळ कांदा भरलेला, टमाट्याने तेव्हा भाव खाल्लेला, मी म्हटलं शुक्र मेलेलं उठवतो, संजीवनी, म्हणजे पडलेला भाव उठणार. डाव्या पानावर लिहिलं, "ऑगस्टअखेर कांदा चढा." वर शहाणपणा करून मामांना फोन पण केला. मामा म्हणाले, "तू म्हणतो तर थांबतो पंधरा दिवस, पण कोंब फुटले तर तुझ्या शुक्राला निवडायला पाठव." १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. लिलाव बंद पडले. मामांचा माल पुढे गेला पण ठरलेल्या भावाला नाही, आणि खालचा थर सडला तो वेगळाच.

आता मजा बघा. त्या रात्री मला लख्ख दिसलं, की शुक्र वक्री म्हणजे संजीवनी नव्हतीच, तो झारीच्या तोटीत बसला होता! माल आहे, गिऱ्हाईक आहे, पाणी सोडायला हात पुढे आहे, आणि तोटी बंद. इतकं फिट्ट बसलं की मी डाव्या पानावर हे बारीक अक्षरात घुसवायला पेन उचललं सुद्धा. मग मामांचा आवाज आठवला आणि पेन खाली ठेवलं. त्या पानावर आजही चुकीचं भाकीतच आहे, आणि उजवीकडे फक्त "४० टक्के. चूक." एकाच ग्रहाच्या दोन गोष्टी, दोन्ही आपल्याच, एक उठवते आणि एक अडवते, कुठली लागू होणार हे आधी सांगता आलं नाही, यातच या विद्येचं सगळं दुखणं आहे. तेव्हापासून प्रत्येक नोंदीत मी दोन्ही गोष्टी लिहितो आणि मग एक निवडून तिच्याखाली रेघ मारतो. पहिली दोन वर्षं धरून बरोबर-चूक मोजतोय, चूक पुढे आहे. तुमचंही तसंच होईल, सोडू नका.

लोकांना सांगताना मात्र अपघात, मृत्यू, साथ याबद्दल तारीख देऊन बोलायचं नाही, आणि शांती-बिंती सुचवायची नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरात त्याला माणसं आहेत, आपण त्यात पडू नये.

सरावाला एक दिवस देतो. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, सोमवती अमावास्या. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान त्या दिवशी ठरलंय आणि त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे, दक्षिण स्पेन, इजिप्त, अरबस्तान अशा पट्ट्यात, लक्झरजवळ सहा मिनिटांच्या वर अंधार. रवी-चंद्र कर्केत, गुरु सिंहेत, आणि राहूची गोष्ट आणि कुंभाची गोष्ट एकाच तारखेला. दोन्ही मुळात एकच गोष्ट आहे हे वर सांगितलंच. पत्रिका मांडा, कुठल्या देशावरून सावली जाते ते नकाशावर बघा, कोण पंगतीत वेष बदलून बसलंय ते शोधा आणि डावं पान भरा.

माझं पान भरून झालंय. चार ओळी आहेत, त्याची नक्कल पाकिटात घालून चिकटवून मामांकडे ठेवायला दिली, म्हणजे मला नंतर बारीक अक्षरात काही घुसवता यायला नको. मामांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, उन्हाकडे धरलं, आणि विचारलं, "यात कांद्याचं काही नाही ना?"